इंग्लंडच्या खेड्यात राहणारे कोणी आहे का? (गावच्या फेटमध्ये काय करू?)

रानजाई | २ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत आम्ही हॅरोचं भाड्याचं घर सोडून सफोकमधल्या एका खेड्यात आलो. जेमतेम चारशे वस्ती. चकमकीच्या दगडांचं चर्च, एक पब, एक व्हिलेज हॉल, एक लाल पत्रपेटी. दुकान कधीच बंद पडलं. बस मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी जाते आणि दुपारी दीडला परत येते. ती चुकली की कुणाच्या तरी गाडीत. गॅसची लाइन नाही, परसात तेलाची टाकी आहे. नवरा घरूनच काम करतो, मी आठवड्यातून एकदा लंडनला जाते.

लोक चांगले आहेत. रस्त्यात दिसले की हात करतात, हवेबद्दल दोन वाक्यं बोलतात, कुत्र्याचं नाव सांगतात. स्वतःचं मात्र सांगत नाहीत! आजमितीला मला गावातल्या अकरा कुत्र्यांची नावं पाठ आहेत आणि माणसं चार.

परवा दाराच्या फटीतून एक कागद आला: जुलैच्या दुसऱ्या शनिवारी गावचा फेट. म्हणजे आपली जत्राच, देव वजा करून. दुसऱ्या दिवशी समितीतल्या एक आजी स्वतः आल्या. केकच्या टेबलासाठी व्हिक्टोरिया स्पंज द्या, नाहीतर टोंबोला (चिठ्ठी काढून वस्तू जिंकायचा खेळ) सांभाळा, नाहीतर "तुमच्याकडचं काहीतरी करा, लोकांना फार आवडेल". मी सवयीने "हो हो, नक्की" म्हणून मोकळी झाले. आता झोप उडाली आहे.

तर या तिन्हींतलं काय घेऊ? आणि त्याहून मोठा प्रश्न, खेड्यात राहणाऱ्यांनो, तुम्ही गावात शिरलात कसे? सासूबाई फोनवर म्हणतात, चार घरी तिळगूळ दे, ओळखी होतात. जून महिन्यात?

खडीसाखर | २ जून, रात्री ९:५२

वडापाव. विषय संपला.

पुणेरी_खवचट | २ जून, रात्री १०:०५

दुपारी १ ते ४ स्टॉल बंद ठेवा. "आमच्याकडचं काहीतरी" आपोआप होईल.

तिरफळ | २ जून, रात्री ११:१५

रानजाई, थांब! खडीसाखरेचं ऐकू नकोस, मी भोगते आहे.

२०१३ मध्ये, डेव्हनमधल्या आमच्या गावच्या फेटला मी हौसेने ४० सामोसे करून नेले. वीस मिनिटांत संपले, सगळ्यांनी गालावर गाल लावून कौतुक केलं, मी तरंगत घरी आले. तेव्हापासून दरवर्षी. आता आकडा १२० वर आहे. फेटला सामोसे, कापणीच्या जेवणाला सामोसे, राणीच्या ज्युबिलीला सामोसे, राजाच्या राज्याभिषेकाला सामोसे. बरं, मी मूळची मालवणची. माझ्या आईने जन्मात सामोसा केला नाही, मी यूट्यूबवर बघून शिकले. हे तिथे कुणाला सांगणार? मी चार्टर्ड अकाउंटंट आहे हे गावाला कळायला सात वर्षं लागली. कळल्याबरोबर हॉलचे हिशेब गळ्यात पडले ते वेगळंच.

माझा सल्ला: पहिल्या वर्षी कप विसळायला उभी राहा. हसू नका कुणी. इंग्लिश खेड्यात माणसं समोरासमोर बसून बोलत नाहीत, बाजूबाजूला उभी राहून बोलतात. एक विसळतो, दुसरा पुसतो, नजर सिंककडे. अशा वेळी जी माहिती बाहेर पडते ती पबमध्ये दहा वर्षं बसून मिळणार नाही. कोणाचं कोणाशी जमत नाही, चर्चच्या घंटेची दोरी कोणी बदलायची, कोणाच्या जावयाने शेत विकलं. घरून स्वतःचं फडकं न्यायचं. आणि ते फिकट हिरवे कप फोडू नकोस. वुड्स कंपनीचं 'बेरिल' भांडं ते, युद्धकाळापासूनचं. गावोगावच्या हॉलच्या कपाटात अजून आहे आणि त्याची मोजदाद ठेवणारी एक बाई प्रत्येक गावात असते.

बारावा_गडी | ३ जून, सकाळी ७:३०

तिरफळशी सहमत, नाव एकदा पडलं की पडलं. आमच्या गावाने मला "भारतीय आहे म्हणजे फलंदाज असणार" म्हणून पहिल्याच रविवारी तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं. मी शाळेत कॅरमच्या टीममध्ये होतो. पहिल्या चेंडूवर त्रिफळा. आता स्कोअरर आहे, पेन्सिलीला टोक आहे, डावांच्या मधल्या चहाला काकडीचं सँडविच मिळतं. तक्रार नाही.

डर्बीकरीण | ३ जून, दुपारी १:२०

मी थोडं वेगळं सांगते. "तुमच्याकडचं काहीतरी" करण्यापेक्षा त्यांचं काहीतरी शिकायला मागा.

आम्ही डर्बीशरमध्ये पीक डिस्ट्रिक्टच्या कडेला राहतो. इकडे गावोगाव विहिरी आणि झरे फुलांनी सजवतात, वेल ड्रेसिंग म्हणतात त्याला. टिसिंग्टनचं सगळ्यांत प्रसिद्ध. तिथे येशूच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी सहा विहिरी सजतात. १३४९ च्या प्लेगमधून गाव वाचलं ते या पाण्यामुळे, अशी तिथली आख्यायिका. आमचं गाव लहान, एकच झरा, पण नखरे तेवढेच.

नुसती हारतुऱ्यांची सजावट नसते ही. आधी मोठ्या लाकडी चौकटी तळ्यात चार दिवस भिजत टाकतात. त्यांच्या तळाला शेकडो खिळे ठोकलेले असतात, माती धरून राहावी म्हणून. मग चिकणमाती आणतात, त्यात पाणी आणि मीठ घालतात आणि पोरंसोरं गमबूट घालून ती तुडवतात. शाडू मळणाऱ्यांच्या पेणमध्ये माझं माहेर, मला एकदम घरी गेल्यासारखं झालं. मीठ अशासाठी की माती लवकर सुकू नये. चौकटीत माती थापायची, वर चित्राचा कागद ठेवून दाभणाने टोचे पाडायचे, कागद काढून त्या टिंबांवरून रेघ. रेघेला अल्डरच्या झाडाची काळी बोंडं, किंवा कॉफीच्या बिया, मिरी. आत रंग भरायला पाकळ्या. निळ्याला हायड्रेंजिया, पिवळ्याला बटरकप. सगळं निसर्गातलं हवं, प्लॅस्टिकचा तुकडा चालत नाही.

मी मनात म्हटलं, रांगोळी तर आहे, ही तर माझ्या हातातली गोष्ट. पहिल्या रात्री एका शेतकऱ्याच्या गोठ्यात ट्यूबलाइटखाली बसून मी वीतभर आकाश भरलं, वरून खाली. शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. काही न बोलता त्यांनी चिमट्याने माझी एकेक पाकळी उचलली आणि बशीत ठेवली. तासाभराचं काम. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मग म्हणाल्या, पाऊस कुठून येतो? वरून. मग पाकळ्या खालून वर लावायच्या, वरची खालचीवर थोडी चढवून, म्हणजे पाणी निथळून जातं.

कौलं! आमच्या घरावरची कौलं वडील अशीच घालायचे. मी त्यांना ते मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं, हाताने छप्पर करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आख्खा समुद्र माझ्याकडे सोपवला.

आठवडाभरात पाकळ्या तपकिरी होतात, चौकटी उतरवतात, माती खरवडून टाकतात. तेव्हा मला दरवर्षी अनंत चतुर्दशीसारखं होतं, पण ते मी गोठ्यात बोलून दाखवत नाही.

मोगरी | ३ जून, दुपारी २:०२

किती सुंदर लिहिलंय गं! फोटो?

डर्बीकरीण | ३ जून, दुपारी २:३०

टाकते. माझ्या समुद्राचा आहे, त्यात एका मुलाचा गमबूटही आलाय.

कोकणचा_मेवा | ३ जून, सायं. ६:४५

आता माझी फजिती ऐका. हेरिफर्डशर, ऑगस्टमधला गावचा फुलं-भाज्यांचा शो. छापील नियमावली येते, तिला शेड्यूल म्हणतात. त्यात "कांदे, तीन", "रनर बीन्स, पाच", "मिरच्या, पाच" असे वर्ग. मी काचघरात मिरच्या लावलेल्या, झाड लगडलेलं. ताटलीत पाच मांडल्या आणि वर एक जास्त टाकली, आपल्याकडे भाजीवाली टाकते तशी. प्रेमाने!

तासाभराने हॉल उघडला. माझ्या ताटलीशेजारी कार्डावर तीन अक्षरं: एन. ए. एस. मला वाटलं एखादं खास बक्षीस असेल. बायकोला फोटोही पाठवला. शेजारच्याने हळूच सांगितलं, नॉट ॲज शेड्यूल, म्हणजे नियमाप्रमाणे नाही, बाद. पाच म्हणजे पाच. परीक्षकाने मिरच्यांकडे बघितलंही नव्हतं.

पण खरा घाव चटणीच्या वर्गात. मी पहाटे उठून ओलं खोबरं-कोथिंबिरीची चटणी वाटली, ताजी राहावी म्हणून बर्फात ठेवून नेली. शेरा आला: "मुरलेली नाही." या लोकांची चटणी म्हणजे सफरचंद, कांदा, मनुका, व्हिनेगर आणि साखर तासन्‌तास शिजवून बरणीत दोन-तीन महिने ठेवलेलं प्रकरण. शब्द आपला नेला आणि आपल्यालाच नापास केलं!

तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी हिरव्या टोमॅटोच्या चटणीला तिसरा नंबर मिळाला. बरणी काठोकाठ भरलेली, झाकणावर कंपनीचं नाव नाही, लेबलवर तारीख. कार्ड फ्रिजवर आहे.

खडीसाखर | ३ जून, सायं. ७:००

"वर एक जास्त टाकली" हसून हसून पुरेवाट!!

पुणेरी_खवचट | ३ जून, सायं. ७:१०

नियम लिहून लावणारी माणसं मला नेहमीच आपली वाटत आली आहेत. त्या परीक्षकांचं आजोळ सदाशिव पेठेत असणार.

तिरफळ | ३ जून, रात्री ८:२०

म्हणूनच रानजाई, व्हिक्टोरिया स्पंजच्या वाटेला जाऊ नकोस. नुसत्या विक्रीच्या टेबलावर चालेल, पण स्पर्धा असेल तर मध्ये फक्त रास्पबेरी जॅम, क्रीम नाही, वर फक्त बारीक साखर भुरभुरवलेली. केक जाळीवर थंड केला आणि वरच्या बाजूला जाळीच्या रेघा उमटल्या तर मार्क कापतात. विमेन्स इन्स्टिट्यूटच्या बायका वाकून बघतात. त्यांची संस्था कॅनडात १८९७ ला सुरू झाली, इकडे पहिली शाखा वेल्समध्ये १९१५ ला. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं त्या केककडे वाकून बघत आहेत.

कलम_कसाई | ३ जून, रात्री ९:००

काही व्यवहाराच्या गोष्टी. घरचं अन्न वाटणार असाल तर समोर कागदावर स्पष्ट लिहा: शेंगदाणे, तीळ, गहू, मोहरी, दूध, काय काय आहे ते. लसणीच्या कोरड्या चटणीत शेंगदाणे असतात हे तिथे कुणाला माहीत नसतं. तळण असेल तर हॉलवाल्यांना आधी विचारा, बऱ्याच हॉलच्या नियमांत आत तळायला बंदी असते. आणि समितीने बीअर विकायची ठरवली असेल तर त्यासाठी तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस द्यावी लागते, २१ पौंड फी, कामाचे दहा दिवस आधी. ती तुमची डोकेदुखी नाही, पण विचारलंत तर समितीत वजन वाढेल.

स्पष्ट_बोलतो | ४ जून, सकाळी १०:१५

सगळं गोडगोड चाललंय म्हणून दुसरी बाजू लिहितो.

आम्ही सहा वर्षं अशाच एका खेड्यात काढली, परगणा सांगत नाही. फेटला गेलो, चर्चच्या छपराला पैसे दिले, शेजाऱ्यांच्या मांजराला सुट्टीत खायला घातलं. सहा वर्षांत आम्हाला किती घरांत आत बोलावलं? दोन. बाकी सगळं उंबऱ्यावर. आणि आम्ही मागच्या बाजूला एक खोली वाढवायचा अर्ज केला तेव्हा हात करणाऱ्या त्याच हसऱ्या लोकांची हरकतीची अकरा पत्रं आली. एकात लिहिलं होतं, "गावाच्या स्वभावाला शोभणार नाही." खोली म्हणायची होती की आम्ही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मुलीला वर्गात ती एकटीच वेगळी दिसते याचा त्रास व्हायला लागला तेव्हा निघालो. आता लेस्टरला आहोत. कोपऱ्यावर कढीपत्ता मिळतो, दिवाळीला रस्ता बंद करून दिवे लागतात. कप विसळून माणसं आपली होतात असं रानजाईला कुणी सांगू नये. काहींची होत असतील.

बारावा_गडी | ४ जून, सकाळी १०:४०

पत्रांचं वाचून वाईट वाटलं. पण हरकतीची पत्रं इथे इंग्लिश लोक एकमेकांनाही लिहितात. आमच्या गावात सख्ख्या भावाने भावाच्या गॅरेजवर लिहिलं.

स्पष्ट_बोलतो | ४ जून, सकाळी १०:५५

भावाला "स्वभावाला शोभत नाही" असं लिहिलं होतं का?

तिरफळ | ४ जून, सकाळी ११:३०

स्पष्ट_बोलतो, तुमचं खोटं नाही. मी कपांचं लिहिलं ते माझ्यापुरतं खरं आहे. माझी मुलं तिथे वाढताना मीही कित्येकदा लंडनची घरं बघितली आहेत, रात्री, नवरा झोपल्यावर. घरात बोलावण्याचं म्हणाल तर मला अकरा वर्षांत पाच-सहा घरं. त्यातली तीन अंत्यविधीनंतरच्या चहाला.

कृष्णाकाठ | ४ जून, दुपारी ४:१०

मी सांगली जिल्ह्यातल्या गावातून वाचतोय. इंग्लंड पाहिलेलं नाही. तुमचं वाचून एवढंच कळलं की गाव तिथे गावकी. आमच्याकडेही तीन पिढ्या राहिलेल्या माणसाला "ते बाहेरचे" म्हणतात. अवांतर प्रश्न: तिकडे ग्रामपंचायत असते का? सरपंच? निवडणुकीला मटण?

कलम_कसाई | ४ जून, रात्री ९:२०

असते. पॅरिश काउन्सिल. १८९४ च्या कायद्याने सुरू झाली. त्याआधी गावचा कारभार बराचसा चर्चच्या बैठकीत चालायचा, म्हणून नाव अजून "पॅरिश". पण अधिकार आपल्या ग्रामपंचायतीपेक्षा फारच कमी. बाक, बसथांबा, मुलांचं खेळाचं मैदान, दफनभूमी, भाजीपाल्याचे वाफे भाड्याने देणं. पैसा कौन्सिल टॅक्सबरोबर गोळा होतो, त्या वाट्याला प्रिसेप्ट म्हणतात. सदस्यांना पगार नाही. अध्यक्ष सदस्यच आपल्यातून दरवर्षी निवडतात, थेट जनतेतून नाही. आणि मटणाचं म्हणाल तर बऱ्याच गावांत जागा जास्त आणि उमेदवार कमी असतात, मग उरलेल्या जागा सदस्य आपणच कुणाला तरी घेऊन भरतात. आपल्या ग्रामसभेसारखी वर्षातून एक सभा, १ मार्च ते १ जून यांच्यामध्ये, गावातला कुणीही मतदार येऊ शकतो. येतात मोजके.

पुणेरी_खवचट | ४ जून, रात्री ९:३५

कृष्णाकाठ, तुम्ही हँडफर्थचा व्हिडिओ बघा! चेशरमधलं हँडफर्थ, तिथल्या पॅरिश काउन्सिलची डिसेंबर २०२० ची झूमवरची सभा. फेब्रुवारी २०२१ मध्ये जगभर फिरली. सभा चालवायला जॅकी वीव्हर म्हणून एक शांत बाई बाहेरून आलेल्या. अध्यक्ष ओरडतात, "इथे तुम्हाला काही अधिकार नाही, जॅकी वीव्हर!" बाईंनी त्यांना सरळ सभेबाहेर काढलं. दुसरे एक गृहस्थ "नियम वाचा! वाचा आणि समजून घ्या!" म्हणून लाल झालेले. मला आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची आठवण येऊन गलबलून आलं.

कृष्णाकाठ | ४ जून, रात्री १०:२०

बघितला. आमच्याकडे माइक फेकतात, तिकडे म्यूट करतात. बाकी सेम टू सेम.

कराडचा_पाहुणा | ५ जून, रात्री ११:५०

वाचत होतो, लिहायचं नव्हतं. गावात शिरण्याबद्दल एक आठवलं.

मी विल्टशरमध्ये असतो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी सगळं गाव युद्धस्मारकाजवळ जमतं, चर्चच्या फाटकाशी एक दगडी क्रूस आहे तिथे. अकरा वाजता दोन मिनिटं स्तब्धता. मग कुणीतरी कोरलेली नावं मोठ्याने वाचतं. गेल्या वर्षी शाळेतल्या एका मुलीने वाचली. तीन नावं ओळीने एकाच आडनावाची होती. ते आडनाव अजून गावात आहे, त्यांच्याकडूनच मी अंडी घेतो.

मी मागे उभा होतो, पॉपीचं फूल लावून. मनात आमच्या आजोळची चावडी. सातारा जिल्ह्यातलं गाव. चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे: या गावातून इतके इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतके कामी आले. अशा पाट्या आपल्याकडे बऱ्याच गावांत आहेत. लहानपणी त्या पाटीखाली बसून आम्ही गोट्या खेळायचो. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या, तिथल्या कूत शहराच्या वेढ्यात अडकल्या, तो वेढा एप्रिल १९१६ मध्ये शरणागतीने संपला.

कार्यक्रमानंतर हॉलमध्ये चहा होता. शेजारी एक निवृत्त शिक्षक उभे होते, त्यांना हे सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नावं कोणती आहेत?" मी म्हटलं, नावं नाहीत, फक्त आकडे. ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आकडा किती?" मला आठवेना.

रात्री मामाला फोन केला. तो सकाळी जाऊन बघून आला. म्हणाला, पाटी आहे, पण चावडीला दरवर्षी चुना मारतात तो पाटीवरूनही मारलाय, अक्षरं भरली आहेत. खरवडून बघतो म्हणाला. अजून बघितलेलं नाही. ते शिक्षक दर वेळी भेटले की विचारतात.

मोगरी | ६ जून, सकाळी ८:१५

...

कृष्णाकाठ | ६ जून, सकाळी ९:००

मामांचं गाव कोणतं ते व्यक्तिगत निरोपात कळवा. रविवारी कराडला जाणार आहे, जाता जाता बघतो. पाण्याने आणि काथ्याने निघेल, खरवडू नका म्हणावं, संगमरवर आहे.

रानजाई | १४ जुलै, रात्री १०:३०

मंडळी, फेट झाला! सगळ्यांचे आभार, स्पष्ट_बोलतो तुमचेसुद्धा. तुमची पोस्ट मी नवऱ्याला वाचून दाखवली, मग आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. आम्ही इथे किती टिकू माहीत नाही. पण शनिवारचं सांगते.

तिरफळचं ऐकलं. टोंबोला आणि कप विसळणं, दोन्ही मागून घेतलं. टोंबोला म्हणजे गावाने दिलेल्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, ज्यांच्या शेवटी ० किंवा ५ येतं ते आकडे फक्त. लोक पैसे देऊन टोपलीतून चिठ्ठी काढतात, ० किंवा ५ आलं की वस्तू त्यांची. वस्तू काय? आंघोळीचं सुगंधी मीठ, शेरीची बाटली, मोजे, डबाबंद अननस. एका मिठाच्या बरणीवर जुन्या चिठ्ठ्यांचे चार थर निघाले! समितीच्या आजी शांतपणे म्हणाल्या, ती दर वर्षी येते. आपल्याकडचं हळदीकुंकवातलं ब्लाउजपीस आहे ते. कुणी शिवत नाही, नुसतं फिरतं.

दोन वाजता उद्घाटन, दोन वीसला पाऊस. एक तंबू उडून चर्चच्या भिंतीला जाऊन टेकला. कुणीही पळालं नाही! छत्र्या उघडल्या आणि नारळ पाडायच्या खेळाची रांग तशीच उभी. कुत्र्यांचा शो हॉलमध्ये हलवला, ओल्या कुत्र्यांचा वास अजून माझ्या कुर्त्याला आहे. "मालकासारखा दिसणारा कुत्रा" हा वर्ग मी एकटीने बरोबर ओळखला असता.

टोंबोल्याचे १८६ पौंड जमले. मग कप. माझ्या शेजारी त्याच आजी, मी विसळतेय, त्या पुसताहेत. तिसऱ्या ट्रेला त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. पाचव्याला नवऱ्याचं आजारपण. मी एकही बेरिल फोडला नाही.

आता चूक. नवऱ्यासाठी आणि माझ्यासाठी डब्यात १२ बटाटेवडे नेले होते, दुपारचं जेवण म्हणून. ओट्यामागे उघडून खात होते. वास गेला. एकेक जण "हे काय आहे" म्हणत आत आला. मला अर्धा वडा मिळाला.

माणसं: १९. कुत्रे: १४.

तिरफळ | १४ जुलै, रात्री १०:४५

अगं बाई. वडे का नेलेस?

कोकणचा_मेवा | १४ जुलै, रात्री ११:००

१२ नेले ते ठीक, वर एक जास्त नाही ना टाकलास?

कराडचा_पाहुणा | २० जुलै, सायं. ७:१५

रानजाई, मजा आली वाचून. अवांतर: कृष्णाकाठ आणि मामा दोघे जाऊन आले. काथ्या आणि पाण्याने दोन तास लागले म्हणे. पाटीचा फोटो मी छापून शिक्षकांना दिला. त्यांनी चष्मा काढून, जवळ धरून वाचला आणि घडी न घालता पाकिटात ठेवला. कृष्णाकाठ, तुमच्यासाठी इकडून काय आणू ते कळवा.

कृष्णाकाठ | २० जुलै, रात्री ८:००

ती मिठाची बरणी.

रानजाई | १२ ऑक्टोबर, रात्री ९:०५

धागा वर काढते आहे, घाई आहे. ५ नोव्हेंबरला गावची होळी, म्हणजे गाय फॉक्सची. १६०५ मध्ये संसद उडवायला निघालेला तो, त्याचा पुतळा जाळतात, फटाके उडवतात. समितीने आज रीतसर पत्र पाठवलंय. "तुमचे ते मसालेदार बटाट्याचे गोळे" १५० हवे आहेत. मी परत "हो हो, नक्की" म्हटलं. बटाटे किती लागतील?

तिरफळ | १२ ऑक्टोबर, रात्री ९:२०

सांगितलं होतं.

किलोला साधारण १६ वडे धर. साडेनऊ किलो घे, दहाच घे. मॅरिस पायपर जातीचा बटाटा आण, मोकळा होतो. शार्लट आणलास तर सारण चिकट होऊन रडशील. आदल्या रात्री उकड, सोलून उघड्यावर ठेव, वाफ जाऊ दे. बेसन तीन किलो.

कलम_कसाई | १२ ऑक्टोबर, रात्री ९:३०

तळण बाहेर, तंबूपासून लांब. शेकोटीपासूनही. आणि शेंगदाण्याचा कागद!

खडीसाखर | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४१

मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हटलं होतं?

रानजाई | १२ ऑक्टोबर, रात्री ९:५०

हो गं बाई. पाव कुठले घेऊ तेवढं सांग. इथले बाप्स तळहाताएवढे असतात, वडा आत हरवतो.